रॅमची जोडी

कॉन्व्हेंटवाला असल्यामुळे माझं मराठी यथातथाच, तेव्हा शुद्धलेखनाबद्दल आधीच सॉरी!

मी हॉस्टेलला आल्यावर घर फार शांत झालं, म्हणून आईला वाढदिवसाला दोन फुटी टँक दिला. त्यात सोडले दोन रॅम. रॅम म्हणजे व्हेनेझुएला-कोलंबियातल्या ओरिनोको खोऱ्यातला बुटका सिक्लिड, जेमतेम दोन इंच. "जोडी आहे," दुकानदार म्हणाला. निघाले दोन्ही नर! आठवड्याभरात दोघंही गेले. भांडून नव्हे, माझ्या घाईमुळे. नव्या टँकमध्ये अमोनिया संपवणारे बॅक्टेरिया वाढायला महिना-दीड महिना लागतो. बारावीला केमिस्ट्रीत नव्वद मार्क, आणि हे माहीत नाही! आई दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

दुसऱ्यांदा सहा आठवडे नुसतं चिमूटभर फिशफूड टाकत मासे नसलेला टँक चालवला. मग दुकानात तासभर उभा राहिलो. मादीच्या पोटावर गुलाबी छटा, नराच्या पाठीवरचे पुढचे काटे उंच. पण एक नर, एक मादी उचलली की जोडी होते असं नाही. जे दोघं बाकीच्यांना हाकलून एकत्र फिरत होते, तेच घेतले. हीटर २८ डिग्रीवर.

परवा ऐन सबमिशनच्या धावपळीत आईचा फोन, "अरे, सपाट दगडावर अंडी! दोघं आळीपाळीने वारा घालतायत." रात्री पुन्हा फोन. आवाज पडलेला. "खाऊन टाकली रे."

"पहिल्या वेळी होतं असं, आई."

"हं. तू कधी येतोयस? हीटरचा दिवा लागत नाहीये."