कोरपन्याच्या वाटेवर एक राजीनामा

कोरपना हे नाव पुण्या-मुंबईच्या वाचकांपैकी फार थोड्यांच्या कानावर गेले असेल. पण आपण ज्या इमारतीत बसून हा अंक वाचत आहात, तिच्या एखाद्या खांबात किंवा गच्चीत या तालुक्याचा अंश असण्याचा पुष्कळ संभव आहे! चंद्रपूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्येकडचा हा मुलूख चुनखडीवर बसलेला आहे. ती चुनखडी भाजून, दळून, पोत्यांत भरून जगाच्या बाजारात जाते. आणि ज्या गावांतून ती जाते ती गावे मात्र नकाशावर बोट ठेवून शोधावी लागतात.

एके काळी हा भाग निजामाच्या राज्यात, आदिलाबादकडे होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो मराठी मुलखात आला. पण सीमा कागदावर सरकल्या म्हणून माणसांच्या जिभा थोड्याच सरकतात? एस.टी.च्या एका बाकावर मराठी, दुसऱ्यावर तेलुगू, तिसऱ्यावर गोंडी अशी येथे आजही सरमिसळ ऐकू येते. उत्तरेला पैनगंगा, दक्षिणेला माणिकगडचे डोंगर, आणि मध्ये काळ्याभोर मातीत कापूस, सोयाबीन नि तूर. दिवाळीच्या सुमारास डोंगराकडच्या गोंड-कोलामांच्या पाड्यांवर दंडारीचे ढोल वाजतात आणि मोरपिसांचे भलेथोरले टोप घालून घुसाडी नाचतात.

मी गेलो तो मात्र दिवाळीला नव्हे, गणपतीच्या सुटीत. आणि निसर्गशोभा पाहायला नव्हे, थोरल्या बहिणीच्या हुकमाने. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, तिकडच्या एका सिमेंट कारखान्यात इंजिनियर आहे. सहा वर्षे इमानाने नोकरी केल्यावर त्याने घरी फोन करून सांगितले, “आई, मी राजीनामा देतोय.” ताईने त्या रात्री जेवण केले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मला बोलावून म्हणाली, “तू पोरांना शिकवतोस ना? मग याला जाऊन समजाव.” मराठीच्या प्राध्यापकाने सिमेंटच्या कारखान्यात जाऊन काय समजावायचे, हे विचारण्याची सोय नव्हती.

नागपूरहून चंद्रपूरकडे निघाले की वाटेत वरोरा लागते. चांगली चाललेली वकिली सोडून बाबा आमट्यांनी कुष्ठरोग्यांसाठी आनंदवन उभारले ते इथेच. गाडी वरोऱ्याला थांबली तेव्हा मनात आले, की ‘सोडणे’ या शब्दाला आपल्या जिल्ह्यांत केवढे मोठे वळण लाभले आहे! पण सोडणारा प्रत्येक जण आमटे नसतो. बहुतेकांच्या डोक्यावर घरकर्जाचा हप्ता असतो, आणि मनात जगाचे दुःख नसून वरच्या साहेबाविषयीचा संताप असतो. त्या संतापालाही काही मोल आहे की नाही? त्याचा विचार करीतच मी चंद्रपूर गाठले, आणि पुढे बल्लारपूर मागे टाकून, वर्धा नदी ओलांडून राजुऱ्यात शिरलो.

राजुऱ्याच्या पुढे रस्त्याचा रंग बदलतो. ट्रकांची रांग लागते, कडेच्या झाडांच्या पानांवर करडी साय दिसते, आणि गडचांदूर जवळ आले की आभाळात उंच धुराडी उभी राहतात. १९८३ साली आवारपूरला लार्सन अँड टुब्रोचा पहिला सिमेंट कारखाना सुरू झाला. २००४ मध्ये तो धंदा वेगळा होऊन अल्ट्राटेक झाला. गडचांदूरचा माणिकगड सिमेंट सेंच्युरीकडे होता, तोही पुढे अल्ट्राटेककडे गेला. नारंड्याचा मुरली इंडस्ट्रीजचा कारखाना दालमियांनी घेतला. उपरवाहीचा कारखाना अंबुजाचा. आणि ती अंबुजाच २०२२ मध्ये अदानी समूहाकडे गेली. फाटकावरची पाटी बदलते, मालक बदलतात. चुनखडी तेवढी तीच राहते, आणि पाळीवर जाणारी माणसेही पुष्कळशी तीच.

सिमेंट होते तरी कसे, हे मला भाच्याने लांबूनच हात करून दाखविले. खाणीत सुरुंग लावून चुनखडी फोडायची, तिचा चुरा करायचा, त्यात माती-लोहखनिज योग्य प्रमाणात मिसळून पिठासारखे दळायचे आणि मग ते पीठ एका अवाढव्य, आडव्या, सावकाश फिरणाऱ्या नळकांड्यात सोडायचे. यालाच किल्न म्हणतात. आपण भट्टी म्हणू. तिच्यात सुमारे १४५० अंश उष्णतेत त्या पिठाच्या गाठी बनतात. त्या गाठी म्हणजे क्लिंकर. एक टन क्लिंकरसाठी साधारण दीड टन चुनखडी लागते. क्लिंकर थंड करून थोड्या जिप्समबरोबर दळला की झाले सिमेंट! चंद्रपूरचा उन्हाळा भोगलेल्या माणसालासुद्धा १४५० हा आकडा ऐकून घाम फुटावा.

पण मामला उष्णतेचा नव्हे, वेळेचा आहे. ही भट्टी विझवायची नसते. एकदा ती अचानक थंड पडली, की आतल्या विटांच्या अस्तराला तडे जातात आणि पुन्हा तापवण्यात दिवस जातात. म्हणून तिला रात्र नाही, रविवार नाही, दिवाळीही नाही. तिचे पोट दुखले की कुणाला तरी उठून जावे लागते.

“आणि तो कुणीतरी म्हणजे मी,” भाचा म्हणाला. “मामा, पगार वाईट नाही. पण रात्री दोनला फोन वाजतो. पाळी दुसऱ्याची असली तरी माझाच वाजतो, कारण साहेबांना सवय झाली आहे. सुटी मंजूर होते आणि आदल्या दिवशी रद्द होते. माझ्या मागून आलेला पुढे गेला. तीन महिने झाले, राजीनामा लिहून ठेवलाय.”

तो हे सांगत होता ते वसाहतीतल्या घराच्या ओट्यावर बसून. ही वसाहत मोठी नीटनेटकी आहे. सरळ रस्ते, गुलमोहराच्या रांगा, शाळा, दवाखाना, क्लब, देऊळ, सारे कारखान्याचे. पाणी कारखान्याचे, दिवा कारखान्याचा. सुखाची जागा खरी. पण दिवसा ज्या साहेबाशी वाद झाला, तोच संध्याकाळी गणपतीच्या आरतीला शेजारी टाळ्या वाजवीत उभा! शहरात नोकरी सोडणारा माणूस एक खुर्ची सोडतो. येथे नोकरी सोडणारा घर, शेजार, मुलाची शाळा, डॉक्टर आणि देऊळ एकदम सोडतो.

हे भाच्याच्या हिशेबात कितपत होते? त्याची बायको चहा घेऊन आली. ती गडचांदूरच्या एका शाळेत शिकवते. मी विचारले, “तुमचं काय म्हणणं आहे, सूनबाई?”

ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, “मामाजी, आईंनी विचारलं, पगाराचं काय होईल. बाबांनी विचारलं, कर्जाचं काय होईल. माझ्या शाळेचं काय होईल, हे तुम्हीच पहिल्यांदा विचारलंत. हे घर सुटलं तर माझी नोकरीही सुटली.”

भाचा कपातल्या चहाकडे पाहत राहिला. त्या ओट्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम एकटाच कोरपन्याला गेलो. तालुक्याचे गाव असले तरी साधेसुधे आहे. तहसील, बसथांबा, किराणा-कापडाची दुकाने, खत-बियाण्यांच्या पाट्या. आदिलाबादकडे जाणारा रस्ता गावातूनच निघतो. एका हॉटेलात आलूबोंडा खात असताना शेजारच्या बाकावर एक म्हातारे शेतकरी येऊन टेकले. पोळा नुकताच झाला होता, त्यामुळे बोलणे बैलांवरून निघाले आणि खाणीवर आले. त्यांची सहा एकर जमीन एका खाणीत गेली. तिच्या बदल्यात मुलाला कामावर घेतले.

मी सहज विचारले, “मुलगा खूश आहे का कामावर?”

“खूश कायचा जी! रोज कुरकुर करते.”

“मग सोडीत का नाही?”

म्हाताऱ्याने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी शिकलेला असूनही अगदीच अडाणी आहे. “सोडून कुठी जाईन जी तो? ते नोकरी नाही, आमचं वावर हाय ते. वावर सोडून कोणी जाते का?”

भूसंपादनाचा २०१३ चा कायदा मी पुढे वाचला. ज्यांची जमीन जाते त्या कुटुंबापुढे तो तीन पर्याय ठेवतो : प्रकल्पातून रोजगार निर्माण होत असेल तर एकाला नोकरी, नाहीतर एकरकमी ५ लाख रुपये, किंवा २० वर्षे महिना किमान २ हजार. आकडे कायद्यात आहेत. पण नोकरी म्हणजे वावर, हा अर्थ मला कोरपन्याच्या हॉटेलात कळला. माझ्या भाच्यापाशी एक गोष्ट होती जी त्या म्हाताऱ्याच्या मुलापाशी नव्हती : निघून जाण्याची मोकळीक. आणि ज्याला निघता येते त्यालाच खरे म्हणजे बसून बोलता येते. मग तो न बोलताच का निघत होता?

येथे मला लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण झाली. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक होते. हक्काची बढती डावलून दुसऱ्याला दिली गेली, तेव्हा त्यांनी नोकरीला रामराम ठोकला. ही गोष्ट आपण स्वाभिमानाची म्हणून सांगतो, आणि ती आहेही. पण तिच्यातला अर्धा भाग आपण गाळतो. नोकरीत असतानाच त्यांचा नि बंधू रामूअण्णांचा बेळगावी सायकलींचा धंदा सुरू झालेला होता. म्हणजे त्यांनी उडी मारली ती पाय टेकायची जागा पाहून. पुढे नांगर आले, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. गंमत पाहा, नोकरी सोडणाऱ्या माणसाने शेवटी वसविली तीही कारखान्याची वसाहतच!

रात्री भाचा आला तेव्हा मी त्याला वहीचा कागद दिला आणि म्हटले, “राजीनाम्यात तू काय लिहिलं आहेस?”

“वैयक्तिक कारणास्तव.”

“म्हणजे सहा वर्षं जे सलतंय, ते साहेबाला शेवटपर्यंत कळणारच नाही! आता याच्यावर दोन रकाने कर. एकात भट्टीची मागणी, दुसऱ्यात माणसाची सवय.”

तो हसला, पण लिहायला बसला. भट्टी रात्री बिघडणार, ही भट्टीची मागणी. तिच्याशी वाटाघाट होत नाही. पण दर रात्री त्याच एका माणसाला उठवायचे, ही माणसाची सवय; तिच्याविषयी बोलता येते. सणाच्या दिवशी कुणीतरी हजर असलेच पाहिजे, हे खरे. पण मंजूर सुटी आदल्या दिवशी तोंडी रद्द करायची, हे कोणत्या भट्टीने सांगितले? सकाळपर्यंत दुसऱ्या रकान्यात तीन गोष्टी उरल्या : रात्रीच्या बोलावण्याच्या पाळ्या लेखी ठरवाव्यात, मंजूर सुटी लेखी कारणाशिवाय रद्द होऊ नये, आणि बढती का नाही, याचे उत्तर मिळावे.

बाजारात ‘महाग आहे’ म्हणून पाठ फिरवणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदार हाक मारीलच असे नाही. पण गिऱ्हाइकाने आकडा सांगितला की बोलणे सुरू होते. कामगारांसाठी आकडा सांगायला संघटना असते. तिने गप्प बसून चालत नाही. अधिकारी म्हणवणाऱ्याच्या मागे कोणी नसते, म्हणून त्याने तर अधिक नेमके बोलायला हवे.

सूनबाईंनी कागदाच्या पाठीमागे स्वतःचा हिशेब मांडला. नेमणूकपत्रात नोटिशीची मुदत किती. पाच वर्षे पुरी झाल्यामुळे ग्रॅच्युइटीचा हक्क बसतो, तेव्हा शेवटच्या मूळ पगार-महागाईच्या प्रमाणात सहा वर्षांचे दर वर्षी १५ दिवसांप्रमाणे किती येतील. गडचांदुरात भाड्याने घर घेतले तर किती. हप्ता भरून किती महिने निघतील. उत्तर आले, सात महिने. आकडा फार मोठा नव्हता. पण भाच्याचा चेहरा सहा वर्षांत प्रथमच मला मोकळा दिसला. कारण आता जाणे ही धमकी राहिली नव्हती, ती एक वाट झाली होती. दोघांनी मिळून ठरवले, की मार्चअखेरपर्यंत पाहायचे, तोवर दुसरीकडे अर्ज चालू ठेवायचे, आणि गेलो तरी सूनबाईंचे शाळेचे वर्ष मध्येच मोडायचे नाही.

दसऱ्यानंतर तिचे पत्र आले. रात्रीच्या पाळ्यांचा तक्ता आता चौघांच्या नावाने लागतो. सुटीचे लेखी झाले. बढतीचे उत्तर अजून आलेले नाही, आणि ते आले नाही तर मार्चनंतर तो जाईल यात मला शंका वाटत नाही. ताईला हे अर्धे यश वाटते. मला वाटते, पोरगा राहिला किंवा गेला, तरी आता तो रागाच्या भरात जाणार नाही.

या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री भट्टीवर पाळी त्याची आहे. भाऊबीजेला दुसऱ्या कुणाची.