माडीवरची खोली आणि धुळ्याची वारी

गेल्या दिवाळीच्या झाडलोटींत आमच्या जळगांवच्या घरांतील माडीवरची खोली अखेर उघडली. ही खोली आमच्या थोरल्या चुलत्यांची. त्यांस घरांत सारे तात्या म्हणत. वकिलींतून उरलेला सगळा वेळ त्यांनीं जुनीं नाणीं, कागदपत्रें आणि छायाचित्रें जमविण्यांत घालविला. त्यांस जाऊन तीन वर्षें झालीं; तेवढ्या अवधींत तेथें उंदरांखेरीज कोणी वावरलें नव्हतें. धाकट्या पुतणीची परीक्षा जवळ आलेली, तिला अभ्यासास जागा हवी, हें सर्वांस पटलें. "त्यांच्या वस्तूंस हात लावूं नका रे," असें काकू एकदां म्हणाल्या. पण मुलीच्या अभ्यासाचें नांव निघतांच त्याहि गप्प बसल्या.

आम्हीं दोन दिवस कंबर कसून काम केलें. तात्यांनीं साठ-पासष्ट शिवराया कागदाच्या लहान लहान पुड्यांत बांधून निरनिराळ्या डब्यांत ठेविल्या होत्या. पुड्या मळलेल्या, कांहीं उंदरांनीं कुरतडलेल्या. आम्हीं त्या सोडल्या, नाणीं चिंचेनें घासून लख्ख केलीं, लहान-मोठीं वेगळीं करून एका सुरेख डब्यांत लाविलीं आणि पुड्यांचे कागद बंबांत घातले. मोठ्या अभिमानानें तो डबा काकूंपुढें ठेविला. त्यांनीं तो बराच वेळ पाहिला आणि हळूच विचारलें, "पुड्या कोठें आहेत? त्यांवर लिहिलेलें होतें रे. कोणतें नाणें कोणत्या गांवीं मिळालें, कोणीं दिलें, सगळें."

आम्हीं काय उत्तर देणार? बंबांतील पाणी तापून सर्वांचीं स्नानेंहि झालीं होतीं.

कागदपत्रांच्या गठ्ठ्यांस अद्याप हात लागला नव्हता, एवढेंच सुदैव. ज्यांस या कामाचें मर्म कळतें त्यांनीं असल्या वस्तू कशा राखिल्या, हें पाहिल्यावांचून गठ्ठे सोडावयाचे नाहींत, असा आम्हीं निश्चय केला आणि काकूंस बरोबर घेऊन निघालों.

जळगांवाहून मुंबईच्या दिशेनें निघालें कीं प्रथम केळीच्या बागा लागतात. मग काळ्या जमिनींतून फुटलेल्या कपाशीचे पांढरे पट्टे दिसूं लागतात. पाचोरें मागें टाकून आम्ही चाळीसगांवीं उतरलों. येथें स्टेशनाजवळच केकी मूस (१९१२–१९८९) यांचें घर आहे. विलायतेहून परतल्यावर या छायाचित्रकारानें जवळजवळ पन्नास वर्षें याच घरांत स्वतःस कोंडून घेतल्यासारखीं काढिलीं. घराबाहेर ते क्वचितच पडले. निसर्ग पाहावयास बाहेर जाणें नाहीं, म्हणून त्यांनीं तो मेजावर उभा केला! घरांतल्याच किरकोळ वस्तू मेजावर मांडून त्यांचें छायाचित्र असें काढावयाचें कीं, पाहणारास तो विस्तीर्ण देखावा भासावा. कागदाच्या घड्या, वाळलेलीं लांकडें, जुन्यापुराण्या चिजा, सर्वांचा त्यांनीं संग्रह केला. त्यांच्या पश्चात् तें घर कलादालन म्हणून राखलें गेलें.

एका वेड्यावांकड्या लांकडापुढें काकू थबकल्या. "हें आपल्या घरीं असतें, तर तुम्हीं कधींच चुलींत घातलें असतें," त्या म्हणाल्या. टोला योग्य ठिकाणीं बसला. परक्यास जो कचरा दिसतो, तें छांदिष्टाचें साहित्य असतें, हा चाळीसगांवचा धडा होय.

चाळीसगांवाहून धुळ्यास जाणारा लोहमार्ग १९०० सालीं सुरू झाला. जामद्याजवळ गिरणा ओलांडून गाडी उत्तरेकडे जाते. पांझरेच्या कांठचें हें शहर जुन्या खानदेश जिल्ह्याचें ठाणें होतें. १९०६ सालीं त्या जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले, आणि आमचें जळगांव पूर्व भागाचें ठाणें बनलें. पण आम्हांस ओढ होती ती इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांच्या संग्रहाची. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं राजवाडे धुळ्यासच वारले आणि १९२७ च्या जानेवारींत त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ तेथें स्थापन झालें. वाईस सांपडलेल्या पत्रांचा पहिला खंड त्यांनीं १८९८ सालीं छापिला. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे असे बावीस खंड पुढें झाले. ज्या माळ्यांवरून आणि अडगळींतून हे कागद निघाले, तेथील पुष्कळ घरधन्यांच्या लेखीं ती रद्दीच होती.

राजवाड्यांच्या कामाचा विचार करतां आमच्या चुकीचें खरें स्वरूप आम्हांस उमगलें. जुन्या मराठी पत्राच्या शेवटीं पुष्कळदां 'छ' म्हणून चंद्र आणि मुसलमानी महिना एवढेंच लिहिलेलें असतें, वर्ष नसतें. तें ठरवावयाचें तें पत्रांतील मजकुरावरून आणि त्याच रुमालांत शेजारीं बांधलेल्या पत्रांवरून. म्हणजे पत्राचा शेजारी हा त्याचा साक्षीदार. रुमाल सोडून कोणीं सुबकपणासाठीं लहान कागद एकीकडे आणि मोठे दुसरीकडे लाविले, तर एकहि अक्षर न फाटतां साक्ष मात्र नाहींशी होते. आम्हीं शिवरायांचें नेमकें हेंच केलें होतें. वर चिंचेनें घासून तांब्यावरचा जुना थरहि घालविला. पसारा उंदरांनीं केला खरा, पण नासधूस आमच्या टापटिपीनें केली.

परतल्यावर आम्हीं नव्यानें आरंभ केला. जी वस्तू जेथें होती तेथेंच ठेवून प्रथम वहींत टिपून घेतली : कपाट कोणतें, खण कितवा, शेजारीं काय. मग फक्त धूळ झटकली. गठ्ठ्यांतील क्रम न मोडतां ते धुतलेल्या मांजरपाटांत बांधले आणि प्रत्येकास वहींतला आंकडा दिला. छायाचित्रांतील माणसें ओळखण्यास काकूंस बसविलें. त्या सांगत आणि पुतणी पाठीमागें पेन्सिलीनें हलकेंच लिही. आश्चर्य असें कीं, एवढें करून अभ्यासाचें मेजहि खिडकीशीं मावलें.

शिवरायांचा डबा मात्र तसाच आहे. काकूंनीं त्यांतील दोन नाणीं ओळखिलीं : एक त्यांच्या माहेरीं, अंमळनेरास मिळालेलें, दुसरें एका अशिलानें फीऐवजीं दिलेलें. बाकीचीं मुकीं झालीं. डब्यांत आम्हीं एक चिठ्ठी ठेविली आहे : "हीं नाणीं कोठलीं, हें तात्यांनीं लिहून ठेविलें होतें. तें आम्हीं जाळलें." पुढच्या पिढीनें निदान तात्यांस दोष देऊं नये.

वाचकांच्या घरींहि अशी एखादी खोली असेलच. ती अवश्य झाडावी. पण केरसुणीच्या आधीं वही घेऊन जावें, आणि घरांतील वडील माणसास बरोबर न्यावें. काकू आतां रोज तिसऱ्या प्रहरीं माडीवर येऊन बसतात. परवां त्या पुतणीस म्हणाल्या, "अग, मी सांगतें तेंहि लिहून घे. माझ्यावर कांहीं पुडी बांधलेली नाहीं."