खाऱ्या वाऱ्यातल्या तारा

मालवणच्या समुद्राविषयी आजवर पुष्कळ लिहून झाले आहे. त्याचा रंग, त्याची गाज, त्यात उभा असलेला सिंधुदुर्ग आणि त्यातून निघून थेट आपल्या ताटात येणारी सुरमई, यांची वर्णने वाचकांनी भरपूर वाचली असतील. पण हा समुद्र घरातही येतो, हे फारसे कोणी सांगत नाही. तो कुलपात शिरतो, बिजागऱ्यांत शिरतो, शिवणाच्या यंत्रात जाऊन बसतो आणि कपाटातल्या सुईच्या नाकातून दोरा ओवू देत नाही. मालवणात लोखंडाची वस्तू घेणे म्हणजे सासुरवाशीण आणण्यासारखे आहे. तिच्याकडे रोज लक्ष दिले नाही तर ती लवकरच तोंड फिरवते!

याला रसायनशास्त्रात सरळ कारण आहे. लाटा फुटतात तेव्हा खाऱ्या पाण्याचे बारीक तुषार हवेत उडतात. पाणी वाळते, मिठाचे कण उरतात आणि वाऱ्याबरोबर गावभर फिरतात. हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा कण हवेतूनच पाणी ओढून घेतो आणि विरघळून त्याचा खारा थेंब होतो. कोकणच्या पावसाळ्यात ही मर्यादा दिवसचे दिवस ओलांडलेली असते. म्हणजे वस्तू उघड्यावर भिजलेली नसली, तरी तिच्यावरचे मीठ स्वतःच भिजते आणि तिला भिजवते. आपण दार लावून घेतले, आता काय होणार, या भ्रमात राहण्यात अर्थ नाही.

यंदा पाऊस संपता संपता मालवणला जाण्याचा योग आला, तो एका तंबोऱ्यामुळे. माझ्या एका बोरिवलीकर मित्राचे वडिलार्जित घर धुरीवाड्यात आहे. त्याची आत्या तिथे एकटी राहत असे व रोज सकाळी तंबोरा लावून दोन अभंग म्हणत असे. आत्या गेली आणि घराला कुलूप लागले. आता ते गणपतीला आठ दिवस आणि मे महिन्यात पंधरा दिवस उघडते. मित्र म्हणाला, ''तिकडे जातोच आहेस तर तंबोरा घेऊन ये. निदान इथे भिंतीवर शोभेल तरी.'' त्याने तारांचा नवा संच माझ्या हाती ठेवला आणि घराची किल्लीही. माझ्याबरोबर माझा भाचा निघाला. तो मुंबईला एका वाद्यवृंदात बेस गिटार वाजवतो. परतल्यावर चारच दिवसांनी त्याचा कार्यक्रम होता, म्हणून ते अवजड धूड त्याने सोबत घेतले. एके काळी मुंबईहून मालवणला बोटीने जात. १९९८ सालापासून कोकण रेल्वे सुरू आहे, आणि आम्ही रात्रीच्या गाडीने कुडाळला उतरून तिथून तीसेक किलोमीटरचा रस्ता रिक्षाने पार केला. रिक्षावाल्याने गिटारीची पेटी पाहून विचारले, ''ह्या काय, मोठी सुरमई?''

ज्यांच्या घरात हे वाद्य शिरलेले नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. बेस गिटार म्हणजे खर्जाची गिटार. विजेवर वाजणारे हे वाद्य अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ साली बाजारात आणले तेव्हापासून जगभर पसरले. त्याला बहुधा चारच तारा असतात, पण लांब आणि जाड. सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. तार जितकी जड तितका सूर खाली, हे गणित मर्सेन नावाच्या फ्रेंच विद्वानाने १६३६ साली मांडून ठेवले आहे. मात्र पोलादाची नुसतीच जाड कांब ताणली तर ती ताठ होऊन बेसूर बोलते. म्हणून मध्ये पोलादाचा बारीक गाभा ठेवतात आणि त्यावर निकेलचा मुलामा दिलेली किंवा न गंजणाऱ्या पोलादाची तार दोऱ्यासारखी गुंडाळतात. वजन येते, लवचीकपणाही राहतो. पण गुंडाळीच्या प्रत्येक दोन वेढ्यांमध्ये एक खाच राहते, आणि सगळा घोटाळा त्या खाचेत आहे. बोटांचा घाम, त्वचेचे कण, तेल आणि मालवणसारख्या ठिकाणी मीठ, हे सारे तिथे जाऊन बसते. वरच्या पट्टीतली झणकार आधी मरते, आणि मग तार नुसती 'ढब् ढब्' बोलू लागते.

तिसऱ्या दिवशी भाच्याच्या गिटारीने नेमके हेच सुरू केले. सकाळी पाहतो तो जुन्याच असलेल्या त्या तारांवर तपकिरी ठिपके! बिचाऱ्याचा चेहरा उतरला. नवा संच दीड-दोन हजार रुपयांच्या पुढे जातो आणि मालवणच्या बाजारपेठेत बेसच्या तारा काही चपलांसारख्या टांगलेल्या नसतात.

शेजारच्या काकूंनी सांगितले, ''पलीकडच्या अंकलांकडे जा. ते बँडातले.'' हे अंकल सत्तरी ओलांडलेले ख्रिस्ती गृहस्थ. तरुणपणी मुंबईला लग्नाच्या बँडांत आणि हॉटेलांतल्या वाद्यवृंदांत त्यांनी बेस वाजवला, आणि आता ते गावी राहून नाताळात व लग्नकार्यात वाजवतात. मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी या पट्ट्यातल्या आणि खाली गोव्यातल्या कित्येक घरांतून अशी माणसे मुंबईला गेली. हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यमेळ बसवणारे सेबॅस्टियन डिसूझा किंवा आर. डी. बर्मन आणि प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस ही गोव्याकडची नावे वाचकांच्या कानांवर असतीलच. नाव न झालेले त्यांच्या शेकडो पट होते.

भाच्याने पेटी उघडून तारेला हात लावला मात्र, अंकल ओरडले, ''आधी हात धुवन ये! बांगड्याचा त्याल तारेक लागला काय तार मेलीच म्हणान समज.''

आम्ही नुकतेच जेवून उठलो होतो. बांगड्याचे तेल आणि सोलकढीतले कोकमाचे आंबट, दोन्ही तारेचे वैरी. वाजवण्यापूर्वी हात साबणाने धुऊन कोरडे करायचे, हा अंकलांचा पहिला नियम. दुसरा नियम असा, की वाजवून झाल्यावर तार पुसल्याखेरीज वाद्य खाली ठेवायचे नाही. त्यांनी जुन्या धोतराचा मऊ तुकडा घेतला, तो तारेखालून घालून चिमटीत धरला आणि मानेपासून घोडीपर्यंत सरसर ओढला. प्रत्येक तार वरून पुसली, तशीच खालूनही. ''लोक वरचाच पुसतत,'' ते म्हणाले, ''आणि खारो वारो खालसून खाता.''

तारा साफ करायचा जुना उपाय म्हणजे त्या उकळणे. तारा उतरवून वेटोळे करून दहा मिनिटे उकळत्या पाण्यात टाकल्या की खाचांतला तेलकट मळ सुटतो आणि चार-आठ दिवस आवाज पुन्हा उजळतो. पण पाणी खाचेत राहिले तर गाभा आतून गंजतो; शिवाय पुन्हा पुन्हा सोडून पुन्हा पुन्हा पिळल्याने खुंटीपाशी तार थकते आणि ऐन कार्यक्रमात तुटते. म्हणून अंकल स्पिरिट वापरतात. नळकामातली प्लॅस्टिकची अरुंद नळी, एक तोंड झाकण चिकटवून बंद केलेले. तिच्यात तार सोडायची, स्पिरिट भरायचे, दुसरे झाकण लावायचे आणि रात्रभर ठेवायचे. सकाळी काढून पुसायची आणि वाळू द्यायची. स्पिरिटात मळ उतरतो आणि ते उडून जाते, मागे ओल राहत नाही. अर्थात चूल आणि उदबत्ती दूर हवी, आणि त्याचा थेंब वाद्याच्या रोगणावर पडता कामा नये. चार तारांचा मिळून ताण सत्तर-ऐंशी किलोंच्या घरात असतो. तो सगळा एकदम फार दिवस सैल सोडला तर मान वाकडी होते, म्हणून तारा दुसऱ्या दिवशी परत चढवायच्याच.

''आणि खोबरेल लावले तर?'' मी विचारले. कोकणात कुलपापासून कानापर्यंत सर्वांवर तोच उपाय चालतो.

अंकल हसले. कुलपावर खोबरेल चालते. तारेवर ते चिकट होऊन धूळ धरते. मग त्यांनी समोरच्या होडीकडे बोट दाखवले. तिथे एक तरुण कोळी होडीच्या यंत्रावर गोड्या पाण्याची बादली ओतत होता. ''आधी मीठ काढूचा, मगे त्याल लावूचा. मिठार त्याल लावलास तर मीठ आतच रवता.'' एवढी साधी गोष्ट! सिंधुदुर्गात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. भर समुद्रातल्या त्या कातळावर १६६४ साली शिवाजी महाराजांनी किल्ल्याचे काम सुरू करवले. खाऱ्या पाण्यात टिकायचे तर गोडे पाणी हाताशी पाहिजे, हे किल्ल्याइतकेच होडीलाही लागू आहे. तारांच्या बाबतीत मात्र बादली नको. ठिपके पडलेच तर गोड्या पाण्यात फडके जेमतेम ओलावून पुसावे आणि लगेच कोरड्याने.

तारा न बदलणाऱ्यांचाही एक पंथ आहे बरे का! डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या गाण्यांत बेस वाजवणारा जेम्स जेमरसन तार तुटल्याखेरीज बदलत नसे, अशी त्याची ख्याती. पण त्याच्या तारा सपाट फितीने गुंडाळलेल्या, त्यांत खाचा नाहीत आणि आवाज मुळातच गोल. ''तो डेट्रॉइटात होतो,'' अंकल म्हणाले, ''मालवणात नाय.''

दुसऱ्या दिवशी तारा चढल्या. कडेच्या तारेच्या मुळाशी मुलामा खरवडून आतले पोलाद उघडे पडले होते, तिची ग्वाही अंकलांनी दिली नाही. दोन निराळे धातू आणि मध्ये खारे पाणी, म्हणजे छोटासा विजेचा घटच. तिथे गंज भराभर वाढतो. बाकीच्या तिघी मात्र झणझणीत बोलू लागल्या.

मग आम्ही मित्राचे घर उघडले. बंद घराचा तो ओलसर वास कोकणातल्या प्रत्येक माणसाच्या ओळखीचा आहे. तंबोरा माजघरात खुंटीला होता, मिरजेकडचा. मिरजेत फरीदसाहेब सतारमेकरांपासून ही कारागिरी चालत आली असून २०२४ साली तिथल्या सतारी-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. गवसणी काढली. भोपळा शाबूत, घोडी शाबूत. पोलादाच्या तीन तारांतली एक तुटून लोंबत होती, दोन तांबडभडक झाल्या होत्या. चौथी, खर्जाची पितळी तार, हिरवी पडली होती पण अखंड होती. तांबे आणि जस्त यांच्या मिश्रणाला लोखंडाचा तांबडा गंज चढत नाही. दशावतारी मंडळींच्या पायपेटीतले पितळी सूर याच गुणावर जत्रांमागून जत्रा काढतात.

अंकलांनी ती खर्जाची तार बोटाने हलवली, आणि बंद घरात एक खोल सूर घुमला. ''बघ,'' ते भाच्याला म्हणाले, ''हो तुझो बेस.''

नव्या तारा चढवेपर्यंत दुपार टळली. आवाज ऐकून शेजारच्या काकूंची मुलगी दारात आली. ती कॉलेजात जाते व गावच्या भजनी मंडळात गाते. आत्यांकडून तिने लहानपणी तंबोरा लावायला शिकून घेतले होते. तिने जवारीचे दोरे मागेपुढे सरकवून पाहिले आणि पंचम, जोड, खर्ज असे लावून दिले. आम्ही तिघे पुरुष गप्प बसून ऐकत होतो.

मुंबईला नेऊन तंबोरा भिंतीवर लावला असता तर तारा गंजल्या नसत्या कदाचित, पण कोणी छेडल्याही नसत्या. मी मित्राला फोन लावला. सगळी हकीकत ऐकून तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ''आत्याची वस्तू आहे रे. तिथे राहिली तर रोज पुसणार कोण?''

मी फोन त्या मुलीच्या हाती दिला. ''मी पुसतलंय, काका,'' ती म्हणाली. ''पावसात कपाटात ठेवन बल्ब लावतलंय.'' ही कोकणातली पेटीवाल्यांची जुनी युक्ती: बंद कपाटात छोटा दिवा जळत ठेवला की आतली हवा तापते, तिची आर्द्रता उतरते आणि मीठ कोरडे राहते.

तंबोरा तिच्या घरी गेला. घराची किल्लीही मित्राने काकूंकडेच ठेवायला सांगितली. आठवड्यातून एकदा खिडक्या उघडायच्या आणि कुलूप फिरवून पाहायचे, एवढी अट. भाच्याने अंकलांकडून धोतराचा एक तुकडा मागून घेतला. तो आता त्याच्या गिटारीच्या पेटीत असतो, आणि जेवून उठल्यावर हात धुतल्याखेरीज आमच्या घरात त्या पेटीला कोणी हात लावत नाही.