दीड मेगाबाइटचें देणें

आमच्या घरांतील संगणक मोडींत काढावा, असा ठराव २०२५ च्या दिवाळींत आमच्या घरीं एकमतानें संमत झाला. एकमतानें म्हणजे आमचें मत वगळून. ठराव मांडणारे आमचे चिरंजीव, इयत्ता नववी. अनुमोदन त्यांच्या मातोश्रींचें. कारणें सबळ होतीं. यंत्र २०१३ सालचें, मेमरी अवघी दोन गिगाबाइट. कळ दाबल्यापासून पडद्यावर कांहीं दिसेपर्यंत चहा उकळून, गाळून, पिऊनही होत असे. बीजगणिताचें पुस्तक उघडावें, तर आंतला पंखा घरघरूं लागे आणि पान मात्र अर्धेंच उमटे.

आमची अडचण निराळी होती. हा संगणक मूळचा आमच्या थोरल्या बंधूंचा. २०१९ सालीं ते निवर्तले. त्यापूर्वीं एका उन्हाळ्यांत त्यांनीं आमच्या आजोबांचीं जुनीं पत्रें स्कॅन करून या यंत्रांत कोठें तरी ठेवलीं होतीं, एवढें आम्हांस पक्कें ठाऊक होतें. मूळ पत्रें पुढें माळ्यावर पावसानें भिजून त्यांचा लगदा झाला. त्यामुळें पत्रें सांपडेपर्यंत यंत्रास हात लावूं द्यावयाचा नाहीं, असा आमचा हट्ट. आणि नवें यंत्र घ्यावयाचें तर त्या वर्षीं घरांत दुसरे खर्च आ वासून उभे होते.

आमच्या कचेरींतील एका तरुण सहकाऱ्यानें ही हकीकत ऐकून म्हटलें, "काका, यंत्र म्हातारें झालेलें नाहीं, तुम्हीं त्याच्या पाठीवर ओझें फार लादलें आहे." ओझें म्हणजे मोठमोठे प्रोग्रॅम. एक पान वाचावयास जें साधन, तेंच सह्या घेणार, पत्रें पाठविणार, जाहिराती दाखविणार आणि आम्ही न बोलावतां यंत्र सुरू होतांच मागें येऊन बसणार! त्याऐवजीं एकच काम करणारे, आकारानें लहान व विनामूल्य मिळणारे प्रोग्रॅम घ्यावे, असा त्याचा सल्ला पडला.

प्रथम 'सुमात्रा पीडीएफ' आला. क्रिझ्टॉफ कोवाल्चिक यांनीं २००६ सालीं तो प्रसिद्ध केला. दिसावयास अगदीं साधा. नक्षीकाम नाहीं, कीं कलाकुसर नाहीं. परंतु बालभारतीचीं जीं पुस्तकें तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, त्यांतील बीजगणित आमच्या यंत्रावर पापणी लवते न लवते तोंच उघडलें. चिरंजीव कांहीं बोलले नाहींत. मात्र ठरावाची भाषा त्या दिवसापासून सौम्य झाली.

मग पत्रांचा शोध. विंडोजच्या स्वतःच्या शोधयंत्रणेनें आम्हांस पाऊण तास तिष्ठत ठेवलें होतें. 'एव्हरीथिंग' नांवाचा डेव्हिड कार्पेंटर यांचा एक लहान प्रोग्रॅम आहे. त्यानें कांहीं क्षणांतच डिस्कवरील लाखों फाइलींचीं नांवें पडद्यावर मांडलीं. त्याची युक्ति सोपी आहे. ग्रंथालयांत एखादें पुस्तक हवें असतां कोणी प्रत्येक कपाट उघडून प्रत्येक पुस्तक हातांत घेत नाहीं. ग्रंथपालाची सूची पाहतो. विंडोजच्या डिस्कवर 'एनटीएफएस' या व्यवस्थेंत अशी एक सूची असतेच. प्रत्येक फाइलीची तेथें नोंद असते. हा प्रोग्रॅम ती सूचीच वाचतो, आणि पुढें झालेले फेरबदलही व्यवस्थेच्या रोजनाम्यांतून टिपून घेतो. मात्र त्याला सामान्यतः नांवें तेवढीं कळतात, आंतला मजकूर नव्हे. आम्हीं 'पत्रें' लिहिलें, शून्य. 'आजोबा' लिहिलें, शून्य. शेवटीं बंधु रोमन लिपींत लिहीत असत हें आठवलें, आणि आजोबांना ते ज्या नांवानें हांक मारीत तें 'आबा' हें नांव आम्हीं रोमन अक्षरांत टंकिलें. एकच फाइल वर आली. तिच्या नांवाचें शेपूट 'सेव्हन-झेड' असें होतें, आणि ती कशानेंही उघडेना.

ही गांठोडें बांधलेली फाइल होती. तें सोडविणारा प्रोग्रॅम 'सेव्हन-झिप'. इगोर पाव्हलोव्ह या रशियन गृहस्थांनीं १९९९ सालीं केलेला, सुमारें दीड मेगाबाइटचा. भ्रमणध्वनीवरील एखादें छायाचित्रही याहून मोठें भरतें. एवढें कळल्यावर आम्हांस धीर निघाला नाहीं, आणि येथेंच आमची फजिती झाली. शोधांत जें पहिलें नांव दिसलें तेंच आम्हीं दाबलें. पान अस्सलासारखें दिसत होतें. त्यावर 'डाउनलोड' अशा चार हिरव्या कळा होत्या. त्यांतील सर्वांत ठळक ती आम्हीं निवडली, आणि पुढें जो जो प्रश्न आला त्याला न वाचतां होकार देत गेलों. परिणाम असा कीं, गांठोडें सुटलें नाहींच. उलट घरांत चार अनोळखी पाहुणे शिरले. पडद्यावर लॉटरीच्या जाहिराती नाचूं लागल्या, आणि शोधाचें पान भलतीकडेच नेऊं लागलें.

दुरुस्तीवाला आला आणि त्यानें थंडपणें सांगितलें, "डिस्क पुसून कोरी करावी लागेल." त्या वेळीं आमच्या पोटांत जो गोळा उठला, तो शाळेंत गणिताच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका वांटल्या जात असतांनाही कधीं उठला नव्हता. आधीं ती एक फाइल पेनड्राइव्हवर उतरवून घेतली, ती उतरली कीं नाहीं हें दोनदां पाहिलें, आणि मगच त्याला हात लावूं दिला. खरें सांगावयाचें तर यंत्राला पुढें जो वेग आला, त्याचें निम्में श्रेय या पुसापुशीलाच दिलें पाहिजे.

विनामूल्य वस्तूचें मूल्य आपणांस दुसऱ्या रीतीनें द्यावें लागतें: देणारा कोण, याची चौकशी करावी लागते. आतां आम्ही मूळ कर्त्याच्याच संकेतस्थळावर जातों आणि प्रत्येक प्रश्न चष्मा लावून वाचतों. आणलेली फाइल 'व्हायरसटोटल' येथें तपासावयास देतां येते. अनेक विषाणुशोधक यंत्रणा तिला एकाच वेळीं पारखतात. मात्र तेथें दिलेली वस्तु परक्यांच्याही हातीं पडूं शकते, म्हणून घरचे कागद तेथें कदापि देऊं नयेत. आणि मूळ दारींही डोळे मिटून जावें असें नाहीं. २०१७ सालीं 'सीसीक्लीनर' या नामांकित सफाईच्या प्रोग्रॅमची एक आवृत्ति खुद्द कर्त्यांच्याच घरून दूषित होऊन बाहेर पडली, आणि बावीस लाखांहून अधिक यंत्रांत पोंचली. लहान प्रोग्रॅमांनीं सर्व दुखणीं बरीं होतात असेंही नव्हे. विंडोज १० ची नेहमींची विनामूल्य सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली, आणि पुढची आवृत्ति आमच्या यंत्रास पेलत नाहीं. म्हणून बँकेचा व्यवहार आम्ही त्यावर करीत नाहीं.

या देणाऱ्यांची परंपरा मोठी मौजेची आहे. १९८२ सालीं अमेरिकेंत अँड्र्यू फ्लूगेलमन या गृहस्थांनीं 'पीसी-टॉक' नांवाचा प्रोग्रॅम लिहिला. दूरध्वनीच्या तारेवरून एक संगणक दुसऱ्याशीं बोलूं शकावा, हें त्याचें काम. तो त्यांनीं दुकानांत ठेवला नाहीं. नकला करा, मित्रांस वांटा, आणि उपयोगी वाटल्यास पंचवीस डॉलर पाठवा, असें त्यांनीं लोकांस सांगितलें. 'फ्रीवेअर' हा शब्द त्यांचाच; पुढें त्याचा अर्थ 'सर्वथा विनामूल्य' असा झाला. मालास कुलूप न लावतां दुकान मांडणारा हा मनुष्य मूळचा वकील होता, याचें आम्हांस अधिक नवल वाटतें.

योग्य ठिकाणाहून आणलेल्या 'सेव्हन-झिप'नें गांठोडें एका दमांत सोडलें. आंत शहाऐंशीं पानें निघालीं. कांहीं आडवीं, कांहीं उलटीं. तीं पाहण्यास 'इरफानव्ह्यू' घेतला. बोस्नियांतील यायत्से गांवचे इरफान श्किल्यान यांनीं व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठांत शिकत असतां तो १९९६ सालीं प्रथम प्रसिद्ध केला, आणि त्याला आपलेंच नांव दिलें. घरीं व शाळेंत तो विनामूल्य आहे. व्यापारी कामासाठीं मात्र शुल्क द्यावें लागतें. ही अट वाचल्यावर आमच्या सल्लागार सहकाऱ्यानें कचेरींतील आपल्या यंत्राकडे जरा ओशाळून पाहिलें, हें येथें नमूद करून ठेवतों. शुल्क भरलें गेलें.

पानें सरळ करण्याचें काम चिरंजीवांनीं आपण होऊन घेतलें. एक कळ दाबली कीं पान उजवीकडे वळे, दुसरी दाबली कीं डावीकडे. आजोबांनीं मुंबईहून लिहिलेल्या पत्रांत घरच्या गाईची चौकशी माणसांच्या आधीं असे, हें पाहून तो पोट धरून हंसला. एकेचाळिसाव्या पानाशीं तो थबकला. पानाच्या कोपऱ्यांत, कागद दाबून धरलेला एक आंगठा स्कॅनमध्यें उमटला होता; नखावर आडवी जुनी जखम.

"बाबा, हा आंगठा कोणाचा? कापून टाकूं का? कडा कापण्याची सोय आहे यांत."

आम्हीं म्हटलें, "राहूं दे."