चॉटनचा पलंगपोस
इंग्लंडांतील चॉटन खेड्यांत जेन ऑस्टिनबाईंचें घर पाहावयास आम्ही गेलों तें कादंबऱ्यांच्या ओढीनें. पाय खिळले मात्र त्यांनीं आई व बहिणीसह शिवलेल्या पलंगपोसापाशीं. मध्यें फुलांची परडी, भोंवतीं शंकरपाळ्यांच्या आकाराचे सुती तुकडे! १८११ च्या एका पत्रांत त्यांनीं बहिणीस असे तुकडे जमविण्याची आठवण केली आहे.

अशा शिवणाची तिकडील रीत ऐकावयास सोपी: कागदी साच्यावर कापड दुमडून टांचावें, कडेस कड बारीक टांक्यांनीं जोडावी. पण निमुळत्या टोंकाशीं दुमडीचें शेपूट बाहेर येतें. तें न कापतां मागें वळवावें लागतें. साचा सुतभर वाढला तरी शेजारीं बसत नाहीं; आपल्या गोधडीचा धांवदोरा असलें सारें पोटांत घालतो! परतल्यावर आम्ही आठवडाभर तेंच घेऊन बसलों. सहा टोंकें एका बिंदूंत मिळालेला पहिला तारा तयार आहे. चहूंकडून शेजार मिळेपर्यंत कागद काढावयाचे नसतात, म्हणून तो हातीं घेतला कीं अजून कुरकुरतो.