थडग्यावरून नाव मिळालेला दगड

कोलकात्याला गेलेली आपली मंडळी कालीघाट, बेलूर मठ आणि हावडा पूल पाहून परततात. मी मात्र सेंट जॉन्स चर्चच्या आवारात एका थडग्यापाशी तासभर रेंगाळले. घरच्यांना ते जरा विचित्रच वाटलं.

थडगं जॉब चार्नॉकचं. ईस्ट इंडिया कंपनीचा हा माणूस १६९० मध्ये सुतानुटीला उतरला आणि दोन-तीन वर्षांतच वारला. अष्टकोनी घुमटीत लॅटिन मजकूर कोरलेली काळपट शिळा आहे. बंगाल हा गाळाचा मुलूख, तिथे दगड कुठला? शिळा आली मद्रासकडून. सेंट थॉमस माउंट, पल्लावरमच्या टेकड्या याच दगडाच्या. १८९३ साली भूवैज्ञानिक थॉमस हॉलंड यांनी तिची तपासणी करून खडकाचं नाव ठेवलं चार्नॉकाइट!

या दगडाची खूण म्हणजे हायपरस्थिन. लोह, मॅग्नेशियम आणि सिलिका यांचं हे खनिज काळपट तपकिरी असतं, त्यावर कधी काशासारखी झाक दिसते. खरी गंमत सूक्ष्मदर्शकाखाली. पातळ चकती फिरवली की तोच कण आता गुलाबी, मग फिकट हिरवा! जमिनीखाली वीस-तीस किलोमीटरवर, सातशे-आठशे अंशांच्या भट्टीत, काळा अभ्रक आणि हॉर्नब्लेंड आपल्यातलं पाणी गमावतात, तेव्हा हे घडतं. आपल्या बेळगावकडचा काळा दगड म्हणजे वर येऊन थिजलेला लाव्हा. दोन्ही काळे म्हणून एका माळेचे मणी समजू नयेत.

१९८८ मध्ये शास्त्रज्ञांनी हायपरस्थिन हे नाव अधिकृत यादीतून काढलं. २००३ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने चार्नॉकचं शहर-संस्थापकपद काढलं. मला हा निकाल पटतो. गावं तिथे आधीपासून होतीच की. खडकाचं नाव मात्र टिकलं.

इतक्या लांब जायचं नसेल तर बेंगळुरूपलीकडे कनकपुऱ्याजवळचं कब्बाळ पाहा. तिथल्या खाणीत करड्या नाइस खडकात गडद, तेलकट हिरवट डाग आणि पट्टे दिसतात. भेगांतून शिरलेल्या कार्बन डायऑक्साइडने पाणी हटवलं आणि तेवढ्याच जागी चार्नॉकाइट झाला, असं अनेक अभ्यासक मानतात. सी. एस. पिचमुथू यांनी १९६० मध्ये हे जगापुढे मांडलं. अडीचशे कोटी वर्षांपूर्वी अर्ध्यावर थांबलेला हा बदल तिथे हाताने चाचपता येतो. सकाळी जावं, दुपारी खडक फार तापतो.