हातातला ट्रे

व्यावसायिक रंगभूमीवर मी सोळा वर्षं नोकर केले. शेजारी, मामा, पोस्टमन, लग्न जमवणारा मध्यस्थ हेही केले, पण जाहिरातीत नाव यायला लागलं ते नोकरामुळे. मुंबईच्या पांढरपेशा मराठी घरांत कोकणातून आलेल्या गड्याला, त्याचं खरं नाव काहीही असो, 'रामा' म्हणायची पद्धत होती. नाटकवाल्यांनी ती जशीच्या तशी रंगमंचावर आणली. माझे बहुतेक नोकर रामा नाहीतर गणपत. खांद्यावर फडकं, हातात चहाचा ट्रे आणि तोंडी मालवणी.

ती मालवणी खोटी आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी लालबागच्या चाळीत वाढलो. वडील मालवणजवळच्या खेड्यातून आलेले, गिरणीत साच्यावर कामाला. घरात मालवणीच चालायची, पण ती खालच्या आवाजातली, थोडक्यात आटपणारी. रंगमंचावर मी तिचा हेल तिप्पट करायचो आणि वाक्याला एक शिवी जोडायचो, कारण हशा त्यावर यायचा. गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' 1980 साली आलं आणि मच्छिंद्र कांबळींनी त्याचे हजारो प्रयोग केले. मी ते चारदा पाहिलं होतं. त्यातली माणसं मालवणी बोलतात, पण ती कोणाच्या घरचे गडी नाहीत. ती आपल्या गावात आपलं नाटक करायला उभी राहिलेली माणसं आहेत, एकमेकांवर चिडतात, मोठेपणा मिरवतात, अडखळतात. चारदा पाहून मी तिथून फक्त हेल उचलला.

एका नाटकात मला मोजून अकरा वाक्यं होती. पन्नासाव्या प्रयोगापर्यंत मी ॲडिशन घेत घेत त्या अकरा वाक्यांचा वीस मिनिटांचा प्रवेश केला. लेखक विंगेत उभे राहून पाहायचे. एकदा त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तुझ्या प्रवेशानंतर नायिकेचं एक वाक्य आहे, त्यावर पुढचा अख्खा अंक उभा आहे आणि ते कोणाला ऐकूच येत नाही. मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी तीन वाक्यं कमी केली, आठवड्याने पाच वाढवली. ती नटी हशा ओसरायची वाट पाहत पाठमोरी उभी राहायची. तिने कधी तक्रार केली नाही, म्हणून मी धरून चाललो की तिला चालतं.

त्या नाटकाचा परळच्या दामोदर हॉलमध्ये प्रयोग होता तेव्हा वडील आले. 1982 च्या जानेवारीत सुरू झालेल्या संपात अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, त्यांतले ते एक. गिरणीने त्यांना परत घेतलं नाही. पुढे फोर्टमधल्या एका कचेरीत त्यांना शिपायाची नोकरी मिळाली. चहाची किटली घेऊन ते दिवसातून तीनदा मजले चढायचे. प्रयोग चांगला रंगला होता. आम्ही चालत घरी निघालो, आणि भारतमाता थिएटरच्या पुढे आल्यावर त्यांनी विचारलं, "तेणां च्या कोणाक दिल्यान काय नाय?"

मी म्हटलं, चहाचं काय, तो नुसता प्रॉप आहे. ते त्यावर काही बोलले नाहीत. वीस मिनिटं माझ्या हातात भरलेल्या कपांचा ट्रे होता आणि मी तो कोणापुढे धरलाच नव्हता, हे त्यांनी पाहिलं होतं. मला तो प्रश्न अडाणी वाटला. ज्याला नाटक कळत नाही अशा माणसाचा वाटला.

लिहायला लागलो तो अर्धा गरजेने, अर्धा गैरसमजातून. 1999 मध्ये अल्फा मराठी आली, पुढच्या वर्षी ई-टीव्ही मराठी. तोवर दूरदर्शनच्या तेरा-तेरा भागांच्या मालिकांवर भागत होतं; आता दररोज दिसणाऱ्या मालिकांना हात हवे होते. शिवाय समोर दिलीप प्रभावळकर होते. 2001 साली 'श्रीयुत गंगाधर टिपरे' सुरू झाली, त्यांच्याच 'अनुदिनी'वरून, आणि आबा टिपरेही तेच. मी मनाशी म्हटलं, विनोदी नट लिहू शकतोच, हशा कुठे येतो हे त्याच्याइतकं कोणाला कळणार? त्या मालिकेत आजोबा, मुलगा, सून, नातवंडं प्रत्येकजण आपापल्या वयाचं आणि आपापल्या काळजीचं बोलतो, हे माझ्या कानावरून गेलं. मला फक्त हशा ऐकू आला.

दैनंदिन मालिकेत काम वाटलेलं असतं. कथाकार महिन्यांचा प्रवास ठरवतो, पटकथाकार त्याचे भाग आणि सीन पाडतो, संवादलेखक ते बोलते करतो. मी संवादलेखक. आठवड्याला सहा भाग, प्रत्येकी बावीस मिनिटांच्या आसपास. मला वेग होता आणि वेगाचा अभिमान होता. सकाळी सातला बसलो की अकरापर्यंत एक भाग हातावेगळा.

माझ्या पहिल्या मोठ्या मालिकेत घरकामाची एक बाई होती. ती मी डोळे मिटून लिहायचो. दारातून यायचं, दोन टोमणे मारायचे, गावातली एखादी गोष्ट चुकीच्या वेळी सांगायची, जायचं. भूमिका करणारी नटी वऱ्हाडातली, प्रायोगिक नाटकं केलेली. तिसऱ्या आठवड्यात तिने फोन केला. "सर, मी या घरात किती वाजता येते? याच्या आधी कुठल्या घरचं काम करून येते? धुणं माझ्याकडे आहे की फक्त भांडी?" मी म्हटलं, त्याची गरज नाही, तुझं काम लाफ्टर काढायचं आहे. ती म्हणाली, "बरं." ते 'बरं' मी ओळखायला हवं होतं. पाठमोरी उभी राहणारी ती नटी मला माझ्या लेखनात पुन्हा भेटत होती आणि मी दुसऱ्यांदा तिच्याकडे पाहिलं नाही. त्या बाईला मी दोनशेच्या वर भागांत घरात आणलं. एकदाही तिने भांड्याला हात लावला नाही.

याहून मोठी चूक एका ज्येष्ठ नटाच्या बाबतीत झाली. मालिकेतले आजोबा. वय पंचाहत्तरच्या पुढे. रंगभूमीवर त्यांची पाठांतराची कीर्ती होती, पण ते पाठांतर महिनाभराच्या तालमीचं. आमच्याकडे आधी चित्रित करून ठेवलेल्या भागांची बँक उरली नव्हती. माझी पानं सेटवर सकाळी नऊला पोचायची, आणि दहाच्या शॉटसाठी त्यांना मेकअपच्या खुर्चीत बसून दीड पानाचं बोलणं तोंडपाठ करावं लागायचं. मी स्वतः नट होतो. रात्री एकट्याने पुटपुटत केलेल्या पाठांतराची किंमत मला शिकवायला कोणी नको होतं. तरी मी पानं आदल्या रात्री पाठवली नाहीत, कारण सकाळी लिहिलं की ताजं उतरतं, असं मी सगळ्यांना सांगायचो. खरं कारण असं की रात्री मी दुसऱ्या मालिकेचं लिहीत होतो.

एके दिवशी त्यांचे आठ रिटेक झाले. नवव्याला ते थांबले, चष्मा काढला आणि युनिटची हात जोडून क्षमा मागितली. संध्याकाळी निर्मितीकडून निरोप आला, आजोबांची वाक्यं कमी करा. मी केली. पुढच्या महिन्यात आजोबांना गावी पाठवलं. त्यासाठी एक सीन लागला, तोही त्यांच्यावर नव्हता, त्यांच्या पत्रावर होता. ते गेले ते माझ्या उशिरामुळे, हे मी त्यांना सांगितलं नाही, निर्मितीलाही नाही. विसरण्याचा डाग त्यांच्या नावावर राहिला. पुढे दोन वर्षांत ते वारले, आणि शोकसभेत मी त्यांच्या स्मरणशक्तीबद्दल बोललो.

आणि दुसरी मालिका. ती मला झेपत नव्हतीच. साठ्ये कॉलेजच्या एकांकिका करून आलेली एक मुलगी मदतनीस म्हणून घेतली. सुरुवातीला ती माझ्या कच्च्या पानांचं टंकलेखन करायची, मग तपशील भरायची, मग सीन, मग अख्खे भाग. ती माझ्यासारखं लिहीत नव्हती. तिच्या सीनमध्ये माणसं बोलता बोलता काहीतरी करत असायची, गवार मोडायची, इस्त्री करायची, आणि बोलणं त्या कामातून फुटायचं. वाहिनीच्या क्रिएटिव्ह टीमने एका बैठकीत माझं अभिनंदन केलं, तुमच्या संवादांना आता घर मिळालं, म्हणाले. मी आभार मानले. श्रेयनामावलीत संवाद म्हणून एकच नाव होतं, माझं. तिला महिन्याचे पैसे वेळेवर मिळत होते आणि या क्षेत्रात असंच चालतं, ही दोन उत्तरं मी तयार ठेवली होती. तिने विचारलंच नाही, त्यामुळे ती द्यावी लागली नाहीत. एक दिवस तिने काम सोडलं.

2020 च्या मार्चमध्ये चित्रीकरणं थांबली. घरात बसून मी जुन्या फाइली उघडल्या, वेळ जावा म्हणून. घरकामाच्या बाईचे सीन ओळीने वाचले. वाचता वाचता मी पेन्सिलीने खुणा करायला लागलो, ही बाई इथे काय करते आहे? पानामागून पान कोरं गेलं. ती नुसती उभी होती. मग दुसऱ्या मालिकेची फाइल उघडली, आणि तिथे खुणा भरायला लागल्या.

वडील जाऊन तेव्हा चोवीस वर्षं झाली होती.

त्या मुलीचा नंबर एका सहाय्यक दिग्दर्शकाकडून मिळवला. ती अजून लिहीत होती, दुसऱ्यांच्या नावाने. मी जे झालं ते सांगितलं, सगळं, क्रमाने. ती मध्ये बोलली नाही. शेवटी म्हणाली, "सर, माफी राहू द्या. मला कुठेही काम मागायला गेलं की दाखवायला काही नसतं. कुठले भाग मी लिहिले ते एका कागदावर, सही करून द्याल का?"

तीन दिवस लागले. माझे भाग मला वाक्यावरून कळत होते, तिचे हातांवरून. त्रेचाळीस भाग स्वच्छपणे तिचे निघाले. तीन भागांवर मी अडलो. ते कोणी लिहिले ते मला सांगता येईना. शेवटी शेवटी मी तिच्याकडून थोडं उचलायला लागलो होतो की ती माझ्याकडून, कोण जाणे. त्या तिन्हींचे क्रमांकही मी तिच्या यादीत घातले, खाली सही केली आणि माझ्या नावापुढे त्या मालिकेचा संवादलेखक असं लिहिलं नाही.